तान वाढतली

सिंधुदुर्ग किल्ल्यावरून मालवणच्या जेटीकडे परतणारी होडी. मे महिन्यातली दुपार, बारा वाजून गेलेले. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या किल्ल्यावरच्या विहिरी बघून झालेल्या, आणि सोबतच्या बाटल्या तटावरून फिरतानाच संपलेल्या. होडीच्या कडेला बसलेल्या सात-आठ वर्षांच्या एका मुलानं हात खाली सोडला, ओंजळ भरली आणि कुणी बघायच्या आत दोन घोट घेतले. तोंड वाकडं झालं. थोडं थुंकलं, थोडं आत गेलं. सुकाणूवरच्या म्हाताऱ्या खलाशानं ते पाहिलं आणि त्याच्या आईला म्हणाला, "अगो बाय, तेका गोडा पाणी दी आधी. खारा पोटात गेला तर तान वाढतली." शेजारच्या कुणीतरी आपली बाटली पुढे केली. मुलानं ती घटाघटा संपवली, मनगटानं तोंड पुसलं आणि विचारलं, "मग मासे काय पितात?" इंजिनाच्या आवाजात प्रश्न बहुतेकांना ऐकूच आला नाही. ज्यांना आला ते हसले. होडी धक्क्याला लागली, दोर फेकला गेला, माणसं उतरून सावलीच्या दिशेनं गेली.

प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. किनाऱ्यावर वाढलेल्या प्रत्येकाला खारं पाणी प्यायचं नाही हे ठाऊक असतं, पण का, असं विचारलं तर बहुतेक जण "बाधतं" म्हणून थांबतात. खलाशी त्या मानानं फार नेमकं बोलला होता. खाऱ्या पाण्यानं तहान वाढते, हे अक्षरशः खरं आहे.

लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. नुसत्या आकड्यानं काही कळत नाही, म्हणून हे एकदा स्वयंपाकघरात करून बघावं. पातेल्यात लिटरभर पाणी घ्यायचं आणि चहाच्या चमच्यानं, वरून सपाट करून, सहा-सात चमचे मीठ घालायचं. चौघांच्या आमटीला एक-दीड चमचा पुरतो, त्यावरून अंदाज येईल. पावसाळ्यात नद्यांना पूर आले की खाडीच्या तोंडाशी हे पाणी बरंच पातळ होतं, आणि उन्हाळ्यात कोंडलेल्या खाजणात ३५ च्याही वर जातं. आता दवाखान्यातली सलाईनची बाटली आठवा. तिच्यावर ०.९ टक्के असं छापलेलं असतं, म्हणजे लिटरमागे ९ ग्रॅम मीठ. रक्ताशी जुळणारा खारटपणा तेवढाच. समुद्र आपल्या रक्तापेक्षा जवळजवळ चौपट खारा आहे, आणि पुढचं सगळं त्या चौपटीतून घडतं.

पोटात गेलेलं मीठ आतड्यातून रक्तात उतरतं आणि ते बाहेर काढायचं काम मूत्रपिंडांवर येतं. मूत्रपिंडाला मीठ एकटं टाकता येत नाही, पाण्यात विरघळवूनच टाकावं लागतं. माणसाचं मूत्रपिंड कितीही ताणलं तरी लिटरभर लघवीत साधारण २० ग्रॅमच्या आतच मीठ बसवू शकतं. शिवाय त्याच लघवीतून अन्नातल्या प्रथिनांपासून तयार झालेला युरियाही जायचा असतो, तो आपली जागा घेतो. मग हिशोब मांडा. ३५ ग्रॅम बाहेर टाकायला पावणेदोन लिटर तरी लघवी हवी, आणि प्यायलोय फक्त एक लिटर. उरलेलं पाऊण लिटर शरीर आपल्याच साठ्यातून काढतं. पहिला घोट ओठांना गार लागतो, घसा ओला होतो, बरं वाटतं. तासाभरात जीभ टाळूला चिकटायला लागते, आणि समोर तेच पाणी पसरलेलं असतं. म्हणून एकदा सुरू केलेलं पिणं थांबवणं अवघड होतं.

साठा म्हणजे पेशी. रक्तात मीठ वाढलं की पेशींच्या आतलं पाणी त्या खारटपणाकडे ओढलं जातं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की रात्रीतून बरणीत पाणी सुटतं आणि फोडी सुरकुततात, अगदी तीच क्रिया. स्नायूंच्या पेशी आक्रसल्या की अशक्तपणा येतो, गोळे येतात. पण मेंदू कवटीच्या पेटीत बसलेला आहे. तो आक्रसला की त्याला कवटीशी जोडणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात, काही वेळा फाटतात आणि आतल्या आत रक्तस्राव होतो. रक्तातलं सोडियम (लिटरमागे मिलिमोलमध्ये मोजतात) १३५ ते १४५ या पट्ट्यात असायला हवं. १६० च्या आसपास गेलं की माणूस चिडचिडा होतो, बरळायला लागतो, मग गुंगी, झटके, बेशुद्धी. समुद्रात भरकटलेल्या माणसांना किनारा दिसायला लागतो, "घरी जाऊन येतो" म्हणून ती पाण्यात उतरतात, अशा हकिगती दर्यावर्दी लोकांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. भुताटकी म्हणून सोडून द्याव्यात अशा त्या नाहीत. कोरडा पडलेला मेंदू असंच वागतो.

आणि मीठ एकटं नसतं. समुद्राचं पाणी चाखलं तर खारटाच्या मागून कडवटपणा येतो, तो मॅग्नेशियमचा. शिरोड्याची मिठागरं १९३० च्या सत्याग्रहामुळे सगळ्यांना माहीत आहेत. मिठागरात मीठ धरल्यावर खाली जे दाट पाणी उरतं, त्यात हा कडूपणा गोळा झालेला असतो. मॅग्नेशियम आणि सल्फेट एकत्र आले की होतं ते रेचक, औषधाच्या दुकानात एप्सम सॉल्ट म्हणून मिळतं तेच. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सव्वा ग्रॅमच्या वर मॅग्नेशियम आणि अडीच ग्रॅमच्या वर सल्फेट असतं. आतडी ते नीट शोषू शकत नाहीत, उलट त्यांच्यासोबत पाणी धरून ठेवतात. जुलाब लागतात. मूत्रपिंड एका वाटेनं पाणी घालवत असतं, आतडी दुसऱ्या वाटेनं. उलटी झाली तर तिसरी वाट.

दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या ब्रिटिश जहाजांवरून तराफ्यांत आणि नावांत जीव वाचवून बसलेल्या माणसांच्या नोंदी नंतर तपासल्या गेल्या. ज्या तराफ्यांवर समुद्राचं पाणी प्यायलं गेलं, तिथं शंभरातली सुमारे ३९ माणसं गेली. जिथं प्यायलं नाही, तिथं तीन-साडेतीन. आता हेही खरं की खारं पाणी प्यायची वेळ आली ती आधीच जास्त हाल झालेल्यांवर, त्यामुळे सगळा फरक पाण्यावर टाकता येणार नाही. पण एवढी मोठी दरी नुसत्या नशिबानं पडत नाही. १९५२ साली अलँ बोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं रबरी नावेतून अटलांटिक ओलांडला आणि थोडं थोडं समुद्राचं पाणी पिऊन जगता येतं असं सांगितलं. त्या प्रवासात पाऊसही पडला होता, आणि त्याच्या दाव्यावर पुढे दर्यावर्दींनीच शंका घेतल्या. एका धाडसी माणसाच्या सांगण्यावर तांडेलानं आपल्या खलाशांचा जीव टांगू नये.

त्यापेक्षा कॅन नीट भरावेत.

मासेमारीच्या होडीवर पाणी नेताना उन्हाळ्यात माणशी दिवसाला चार लिटर हा हिशोब धरावा, आणि एक दिवस जास्तीचा. एकच मोठा ड्रम ठेवण्यापेक्षा वीस लिटरचे दोन-तीन कॅन वेगवेगळ्या जागी बांधावेत, म्हणजे एक फुटला किंवा त्यात खारं शिरलं तरी बाकीचे राहतात. कॅन काठोकाठ भरू नये. वर चार बोटं हवा ठेवावी. गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं, त्यात वर हवा, त्यामुळे होडी उलटली तरी कॅन तरंगतो, आणि त्याला धरून माणूसही. झाकणाला दोरी हवीच. डिझेलचा किंवा रसायनाचा जुना कॅन धुऊन वापरणं हा काटकसरीचा भाग नाही, तो धोका आहे. माशांसाठी नेलेला बर्फ पिण्यासाठी नसतो, पण जिवावर बेतलं तर समुद्राच्या पाण्यापेक्षा तो शंभर पटीनं बरा.

इंजिन बंद पडून होडी वाहवत गेली तर पहिलं काम वायरलेसवर १६ नंबरच्या चॅनेलवर किंवा, फोनला रेंज असेल तोवर, तटरक्षक दलाच्या १५५४ वर कळवणं. मग पाणी मोजायचं. मग सावली करायची, ताडपत्री, जाळं, लुंगी, जे हाताशी असेल त्याची. उन्हात वल्ही मारण्यात घाम घालवू नये. खारं पाणी प्यायचं नाही, पण अंगावर घ्यायला हरकत नाही. कपडे भिजवून अंगावर ठेवले की वाऱ्यानं अंग गार राहतं आणि घाम कमी जातो, म्हणजे आतलं पाणी वाचतं. ऊन उतरल्यावर मात्र ते काढून वाळवावेत, रात्री हुडहुडी भरते. पिण्याचं पाणी संपलं असेल तर मासे खायचा मोह टाळावा. प्रथिनं पचली की युरिया होतो आणि तो काढायला पुन्हा पाणी लागतं. गोड्या पाण्यात थोडं खारं मिसळून ते पुरवायचा विचार हमखास येतो. त्यानं कॅनमधलं पाणी वाढतं, शरीराच्या हाती लागणारं वाढत नाही. अशी दोन-तीन दिवस खारं प्यायलेली माणसं किनाऱ्याला आणली आणि ती शुद्धीवर असतील, तर साधं पाणी घोटाघोटानं द्यावं आणि थेट रुग्णालयात न्यावं. तिथं डॉक्टर सोडियम मुद्दाम सावकाश उतरवतात, चोवीस तासांत दहा-बारा अंकांहून अधिक नाही. दोन दिवस आक्रसून राहिलेल्या मेंदूत पाणी एकदम शिरलं तर तो सुजतो. नातेवाईक बाहेर अस्वस्थ होतात, "साधं पाणीच द्यायचंय ना, मग एवढा वेळ का?" वेळ लागतो तो यासाठी.

होडीतल्या त्या मुलाला यातलं काही होणार नव्हतं. दोन घोट म्हणजे दीड-दोन ग्रॅम मीठ, त्यावर बाटलीभर पाणी, प्रश्न मिटला. पोहताना नाकातोंडात पाणी गेलेल्यांनाही मिठाची भीती नसते. बुडता बुडता वाचलेल्याची गोष्ट वेगळी. तिथं पोटातल्या पाण्यापेक्षा फुप्फुसातलं पाणी महत्त्वाचं. पोट दाबून पाणी काढत बसण्यात मोलाची मिनिटं जातात आणि उलटी होऊन ती श्वासात जाते. श्वास नसेल तर आधी तोंडानं पाच श्वास, मग छातीवर तीस दाब आणि दोन श्वास, हेच चालू ठेवायचं, आणि १०८ ला फोन. उठून बसला, बोलला, तरी रुग्णालयात न्यायचंच.

समुद्र लांबच राहू दे, खारं पाणी कोकणात घरातही येतं. मार्च-एप्रिलमध्ये किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी एके दिवशी सकाळी वेगळं लागतं. मराठीत या मधल्या चवीला मचूळ असा स्वतंत्र शब्द आहे, खारंही नाही आणि गोडंही नाही असं. जाणत्या बायका पोहरा वर आला की बोट बुडवून जिभेला लावतात. त्याआधीच डाळीनं सांगितलेलं असतं, तास झाला तरी शिजत नाही. साबणाला फेस येत नाही. किनाऱ्यावर जमिनीखाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रपातळीच्या वर फूटभर गोडं पाणी असेल तर खाली साधारण चाळीस फूट असतं, असं त्याचं गणित आहे. बेटावरही गोडी विहीर असू शकते ती यामुळे. पण हे गणित उलटही चालतं. पंप लावून वरची पातळी फूटभर उतरवली की खालचं खारं चाळीस फूट वर सरकायला बघतं. म्हणून मचूळ झालेली विहीर आणखी खोल खणणं म्हणजे खाऱ्याच्या जवळ जाणं. उपसा कमी करावा, एका दमात न करता थोडा थोडा करावा, मोठा पंप काढून लहान लावावा आणि पावसाचं छपरावरचं पाणी गाळून विहिरीच्या आसपास जिरवावं. एक-दोन पावसाळ्यांत फरक पडायला लागतो.

हे पाणी उकळून प्यायलं की चालतं, असं अजून ऐकू येतं. उकळल्यानं जंतू मरतात. मीठ पातेल्यातच राहतं, आणि वाफ गेली तेवढं पाणी दाट होतं. तुरटी, क्लोरीन, कँडलचा फिल्टर, यांतलं काहीही मिठाला हात लावत नाही. आरओ यंत्र मीठ काढतं, पण त्यावर किती टीडीएसपर्यंत, म्हणजे विरघळलेल्या किती क्षारांपर्यंत, चालेल ते लिहिलेलं असतं, तेवढंच. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत. समुद्राचा आकडा ३५,००० आहे, घरचं यंत्र तिथं टिकत नाही. अगदी गरज पडली तर वाफेचं पाणी धरता येतं. मोठ्या पातेल्यात तीन बोटं खारं पाणी, मधे दगडावर वाटी, वर झाकण उलटं, मूठ वाटीच्या बरोबर वर येईल असं, आणि झाकणावर ओलं फडकं. आच मंद. रटरटून उकळलं तर शिंतोडे वाटीत पडतात आणि सगळी मेहनत खारट होते. तासाभराच्या जळणात वाटीभर पाणी मिळतं, म्हणजे हा रोजचा उपाय नाही. मचूळ पाण्यानं लगेच कुणी आजारी पडत नाही, ते हळूहळू बाधतं. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुकं मासळ आणि लोणचं ताटात असलेल्या घरात पाण्यातूनही मीठ येत राहिलं तर रक्तदाब असणाऱ्यांना आणि गरोदर बायकांना ते जड जातं. त्यांच्यापुरता तरी गोड्या पाण्याचा एक हंडा वेगळा आणावा.

एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. कुणी विषारी औषध प्यायलं की उलटी व्हावी म्हणून ग्लासात मूठभर मीठ कालवून पाजायची पद्धत गावोगाव आहे. कृपा करून हे करू नका. ते समुद्रापेक्षाही कितीतरी खारं पाणी असतं. उलटी झाली नाही तर ते सगळं मीठ रक्तात जातं. चहाच्या चमच्यानं पाच चमच्यांहून कमी मिठानं लहान मुलं दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. विषाची बाटली सोबत घ्यायची आणि दवाखाना गाठायचा, एवढंच. ओआरएसच्या पाकिटाची चूकही याच जातीची. लिटरभर पाण्याचं पाकीट "जरा जास्त लागू पडेल" म्हणून पेल्यात कालवलं जातं, आणि जुलाबानं आधीच सुकलेल्या बाळाला ते दिलं जातं. बाळाचं मूत्रपिंड मोठ्यांइतकी दाट लघवी करूच शकत नाही. पाकिटावर २०० मिली की १ लिटर, ते वाचूनच कालवावं. बरोबर कालवलं तर हेच मीठ जीव वाचवतं. १९७१ साली बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि शंभरात तीसच्या जागी चारहून कमी माणसं दगावली. आतड्याच्या पेशीत साखर आणि सोडियम जोडीनं शिरतात आणि पाण्याला मागे ओढून नेतात, म्हणून ते लागू पडतं. घरी करायचं तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उकड्या तांदळाची पेज किंचित मीठ घालून आजाऱ्याला देणाऱ्या घरांत हे शहाणपण आधीपासून होतं. शहाळ्याचं पाणी चांगलं, पण त्यात सोडियम फार थोडं, जुलाबात ते एकटं पुरत नाही.

राहता राहिले मासे.

खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या प्रत्येकाला मीठ फेकायला काहीतरी सोय करावी लागली आहे. खाडीकाठच्या तिवराचं पान उन्हं तापल्यावर उलटसुलट करून बघावं, त्यावर मिठाचे बारीक कण चमकतात, बोट फिरवून चाटलं तर खारट लागतं. झाड पानातून मीठ घामासारखं बाहेर टाकतं. वेळासच्या वाळूत रात्री अंडी घालायला आलेली कासवीण रडते असं म्हणतात. डोळ्यामागच्या ग्रंथीतून पाझरणारं ते दाट खारं पाणी आहे, ती पाण्यात असतानाही पाझरत असतं. कुरव पक्ष्याच्या चोचीच्या टोकावर थेंब लोंबतो तोही नाकातून उतरलेलं मीठच. बंदरावरच्या मांजरांचं मूत्रपिंड आपल्या दुपटीहून दाट लघवी करतं. मोरीनं, म्हणजे लहान शार्क माशानं, वेगळी वाट धरली. ती अंगात युरिया साठवून रक्तच समुद्राइतकं दाट ठेवते, म्हणून शिळी मोरी हातात घेतली की नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास येतो.

आणि बांगडा समुद्राचंच पाणी पितो, दिवसभर. गोडं पाणी त्याला दुसरीकडून मिळणारच नाही. आतड्यातून पाणी आणि मीठ दोन्ही आत घेतो, आणि कल्ल्यांतल्या खास पेशी मीठ पुन्हा समुद्रात ढकलतात. मॅग्नेशियम आणि सल्फेट थोड्याशा लघवीतून आणि विष्ठेतून जातं. या कामाला त्याची ताकद सतत खर्च होत असते, कल्ले थांबले की तोही खारावून मरेल. त्यामुळे जन्मभर समुद्रात राहूनही त्याचं अंग समुद्राच्या जेमतेम एक तृतीयांश खारं राहतं. मालवणच्या बाजारात संध्याकाळी पाट्यांवर निळ्या पाठीचे बांगडे लागतात. कल्ले उचलून बघतात, लाल आहेत ना. घरी तिखलं शिजतं, मिरची वाटलेली, सोलं, ठेचलेली तिरफळं. आणि चार बांगड्यांना चमचाभर मीठ वरून घालावंच लागतं, नाहीतर तिखलं अळणी लागतं.